सही बाईंची, मग कारभारही बाईंचाच

पुणे जिल्ह्यातलं शिरूर असो वा दौंड, महिला सरपंच असलेल्या गावात काम घेऊन गेलं की एक वाक्य अजूनही ऐकू येतं : "बाई नावाला आहेत, काय असेल ते त्यांच्या मालकांशी बोला." सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट समजूत घातल्यासारखं तो पुढे म्हणतो, "नवीन आहेत ना, मालक सांभाळून घेतात. शिकतील हळूहळू." सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मदतीच्या रूपात येतो म्हणून तो पुष्कळदा खुद्द त्या बाईंनाही पटतो.

आधी कायदा पाहू. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात सरपंच आहे, उपसरपंच आहे, सदस्य आहेत. 'सरपंच पती' नावाचं पद कुठेही नाही. गावचा मतदार म्हणून पतीने ग्रामसभेत जरूर बोलावं. मासिक सभेत मात्र त्याला मत नाही, निर्णयात वाटा नाही. ग्रामनिधीचे पैसे निघतात ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) यांच्या सह्यांनी. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर जाब विचारला जातो तो सही करणारीला. नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत तर कलम ३६ खाली अपात्र ठरते ती सरपंच, आणि कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कलम ३९ खाली पदावरून जाते तीही सरपंचच. सगळी जोखीम तिच्या अंगावर आणि अधिकार दुसऱ्याच्या हातात, याला सांभाळून घेणं कसं म्हणायचं? रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या करामुळे ग्रामपंचायतींचा जमाखर्च मोठा असतो. तिथे न वाचता केलेली एक सही किती महाग पडेल, याचा विचार घरच्यांनीच करावा.

आता 'शिकतील हळूहळू' याबद्दल. कशा शिकतील? सभा चालवणं, विषय भरकटला की मूळ मुद्द्यावर आणणं, रोकडवही वाचणं, ठेकेदाराला नाही म्हणणं, पाण्यावरून चिडलेल्या वस्तीसमोर उभं राहून उत्तर देणं, ही सगळी हाताने करून येणारी कामं आहेत. पती ती करत राहिला तर पाच वर्षांनी कारभारात तयार होतो तो पती. बाई पहिल्या दिवशी होत्या तिथेच राहतात, आणि मग तेच लोक म्हणतात, "बघा, बायकांना जमत नाही."

हे वाक्य दौंड तालुक्यात ऐकलं की राग येतो. याच तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. वयाच्या २३ व्या वर्षी त्यांना वैधव्य आलं. इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी शिक्षण घेतलं, संस्था कशा चालतात ते डोळ्यांनी पाहिलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुढे पुण्याला आलं. १८९६-९७ च्या आणि त्यानंतर १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावात आणलं. इतक्या माणसांचं रोजचं अन्नपाणी, औषध, शाळा, शेती, विणकाम आणि छापखाना, एवढा व्याप तिथे उभा राहिला, आणि त्यातली कामं तिथेच शिकलेल्या बायका करत होत्या. कारभार शिकता येतो याचा याहून जवळचा दाखला इथल्या माणसाला लागू नये.

कुणाला हा अपवाद वाटेल, म्हणून एक अभ्यास सांगते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती तपासल्या. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपंचपद महिलेसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं, आणि गावातल्या बायकांची मुख्य तक्रारही पाण्याचीच होती. शिरूरकडच्या पाबळ, कान्हूर मेसाईच्या टंचाईच्या पट्ट्यात हंडा कुणाच्या डोक्यावर असतो, ते वेगळं सांगायला नको.

खुर्चीवरच्या बाईबद्दलचा आकस न्यायालयानेही नोंदवला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, त्या सासूसोबत सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात असा आरोप करून अपात्र ठरवलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरपंचपदी बाई निवडून आली हेच गावकऱ्यांना पचलं नव्हतं, असा निकालाचा रोख होता.

राहिलेले समज थोडक्यात. 'आवाज मोठा लागतो' : मोठा आवाज लागत नाही, विषयपत्रिका लागते आणि इतिवृत्तात नीट नोंद लागते. 'दोन सदस्य फुटले की बाई खाली' : महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंचावर अविश्वास ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. 'आरक्षण संपलं की घरी बसायचं' : खुली जागा बाईलाही खुलीच असते. 'ग्रामसभेत बायकांना बोलता येत नाही' : म्हणूनच ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती कागदावर उरकू देऊ नका.

नव्या सरपंचताईंना एवढंच सांगणं आहे. कोऱ्या धनादेशावर सही करू नका. सभेच्या आदल्या दिवशी मागचं इतिवृत्त आणि रोकडवही मागून घ्या, कळलं नाही ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, आणि प्रशिक्षणाला स्वतः जा. घरच्यांना खरंच मदत करायची असेल तर सभेच्या दिवशी धारा काढणं, मुलांचं जेवण आणि त्यांना शाळेतून आणणं ही कामं त्यांनी उचलावीत. ग्रामपंचायतीत सरपंचताईला जाऊ द्यावं, एकटीला.