गरोदरपणातला ताप अंगावर काढू नये

गरोदर बाईला सर्दी झाली की घरात दोन सूर निघतात: 'होईल बरी आपोआप' आणि 'पोटात बाळ आहे, गोळी नको'. साध्या सर्दीपुरता पहिला सूर खरा आहे. वाफ, मिठाच्या गुळण्या आणि विश्रांती एवढ्यावर ती बहुधा आठवड्याभरात जाते. फ्लूचं तसं नाही. ताप अचानक चढतो, अंग मोडून येतं. गरोदरपणात प्रतिकारशक्तीची घडी बदललेली असते, वाढत्या गर्भाशयाने श्वासपटल वर सरकतं, हृदयावरही जादा भार असतो. त्यामुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे जगभर दिसलं.

गोळीची भीती समजण्यासारखी आहे, पण अंगावर काढलेला तीव्र तापही बाळाच्या हिताचा नसतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येतं. आयब्युप्रोफेन मात्र टाळायचं, विसाव्या आठवड्यानंतर तर नक्कीच. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं, आणि 'दोन दिवस बघू' म्हणण्यात नेमके तेच तास जातात. 'गरोदरपणात फ्लूची लस नको' हा आक्षेप तर उलटाच पडतो. गरोदरपणात टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो, आणि आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला दुसरं कवच कुठलं? लस घेऊनही फ्लू होतो हे खरं, पण तो गंभीर होण्याची शक्यता घटते. धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.