प्रश्न-प्रतिसाद प्रतिमानांची आलेखांद्वारे पारख

परीक्षार्थ्यांच्या उत्तरांवरून त्यांची क्षमता व प्रश्नांचे काठिण्य ही दोन्ही एकाच मापनश्रेणीवर ठरविणे, हे प्रश्न-प्रतिसाद प्रतिमानाचे कार्य होय. डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग रॅश यांनी १९६० साली ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रतिमानानुसार क्षमता व काठिण्य समान असल्यास बरोबर उत्तराची संभाव्यता ०.५० असते, क्षमता एका एककाने अधिक असल्यास ती सुमारे ०.७३ होते. बेझच्या पद्धतीत या अज्ञात प्राचलांविषयी आधी एक पूर्व-वितरण गृहीत धरून, प्रत्यक्ष उत्तरांच्या आधारे त्यांचे पश्चात्-वितरण काढतात.

हे वितरण सूत्राने सहसा हाती येत नाही. म्हणून ‘स्टॅन’सारखी संगणक-प्रणाली निरनिराळ्या आरंभबिंदूंपासून अनेक यादृच्छिक शृंखला चालवून नमुने गोळा करते. पहिला आलेख या शृंखलांचा. त्या एकमेकींत पूर्णपणे मिसळल्या तर गणना स्थिरावली असे मानण्यास आधार मिळतो. गेल्मन व रुबिन यांनी १९९२ साली सुचविलेले गुणोत्तर हेच अंकांत सांगते, ते १.०१ पेक्षा कमी असावे, असा आजचा दंडक आहे. परंतु ही साक्ष गणनेविषयीची आहे, प्रतिमानाविषयीची नव्हे. चुकीच्या प्रतिमानाची गणनाही उत्तम स्थिरावू शकते.

यास्तव दुसरा आलेख आवश्यक ठरतो. पश्चात्-वितरणातून कल्पित उत्तरपत्रिका पुनःपुन्हा निर्माण करावयाच्या व खऱ्या उत्तरपत्रिका त्यांच्याशी ताडून पाहावयाच्या. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्ह्यातील माकणी येथे तेरणा नदीवर धरण आहे. जिल्ह्यातील २०० विद्यार्थ्यांच्या चाचणीत धरणाच्या सांडव्यावर एक प्रश्न आहे व त्यांपैकी ४० विद्यार्थी माकणीचे आहेत, असे समजा. एकूण १२० उत्तरे बरोबर आली. प्रतिमानाच्या कल्पित उत्तरपत्रिकांतही सरासरी तितकीच येतात. आलेख निर्दोष दिसतो. आता गट पाडून पाहा. माकणीच्या मुलांची ३४ उत्तरे बरोबर आहेत. प्रतिमानाची अपेक्षा मात्र १८ ते ३० यांच्या दरम्यान आहे. एकत्रित आलेखाने झाकलेला दोष येथे उघड होतो.

माकणीची मुले सर्वच प्रश्नांत पुढे असती तर तो क्षमतेचा भेद ठरला असता व प्रतिमानाने तो सामावून घेतला असता. ती याच एका प्रश्नात अपेक्षेबाहेर जातात, याचा अर्थ समान क्षमतेच्या मुलांना हा प्रश्न समान कठीण नाही. मग गटागणिक काठिण्य वेगळे धरावे की प्रश्नच गाळावा, हे आलेख सांगत नाही. तो निर्णय विषयतज्ज्ञाचा. मात्र गटवार आलेख काढलाच नाही, तर ज्यांनी सांडवा कधी पाहिलेला नाही अशा मुलांचा अपरिचय त्यांच्या क्षमतेतील उणीव म्हणून नोंदला जाईल. संशोधकाने हा दुसरा आलेख गटवार काढल्यावाचून क्षमतेचे अंक प्रसिद्ध करू नयेत.