डोळे आले? काळजी घ्या, प्रयोग नकोत!

पावसाळा आला की डोळे येण्याची साथ ठरलेलीच. जुलै २०२३ मध्ये आळंदी-पुण्याकडे ती केवढी पसरली होती, आठवतेय ना? वर्गात एकाचे डोळे आले की चार दिवसांत निम्मे बाक रिकामे होतात. मग मुलांचे डोळे पुसता पुसता आईचाही नंबर लागतो!

कारणे : डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आत एक पातळ पडदा असतो. विषाणू, जंतू किंवा ॲलर्जी यांमुळे तो सुजतो. साथीत बहुधा विषाणूच असतात. नुसते डोळ्यांत पाहिल्याने मात्र डोळे येत नाहीत बरं का! हात, टॉवेल, उशीचे अभ्रे यांतून ते पसरतात.

लक्षणे : डोळा लाल होतो, वाळू गेल्यासारखा खुपतो, पाणी गळते, सकाळी पापण्या चिकटतात. घट्ट पिवळे चिपड येत असेल तर जंतूंची शंका घ्यावी. खाज फार आणि जोडीला शिंका असतील, तर बहुधा ॲलर्जी.

घरी काय कराल? : विषाणूंमुळे आलेले डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पाणी उकळून गार करा. त्यात स्वच्छ कापूस भिजवून डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसा आणि बोळा टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या की आग कमी होते. टॉवेल, उशी वेगळी ठेवा, अभ्रे गरम पाण्यात धुवा, हात साबणाने वरचेवर धुवा. आपले डोळे आले असतील तर ती काजळाची डबी टाकूनच द्या.

हे मात्र नको : मध, लिंबू, गुलाबपाणी, आईचे दूध डोळ्यांत घालायला घरातली वडील माणसे मायेने सांगतात. पण या वस्तू निर्जंतुक नसतात. त्यांतून नवाच संसर्ग होऊ शकतो. कपाटातले जुने थेंबही नकोत. त्यांत स्टेरॉइड असेल तर नजरेलाच धोका!

डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते किंवा तान्ह्या बाळाचे डोळे आले, तर एक दिवसही थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि डोळ्यांतून पाणी वाहतेय तोवर मुलांना शाळेत पाठवू नका. बुडलेला अभ्यास मागाहून भरून निघतो, नजरेचे तसे नाही.