बाभळीच्या पोटातली तार

लेखमाला : घरचं सरपण – भाग 5

मागच्या आठवड्यात कुऱ्हाड आणि पाचर झाली. आता कटर मशीन, म्हणजेच चेनसॉ.

वाशिम जिल्ह्यात घरोघरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आणि पंगतीचा स्वयंपाक पुष्कळ ठिकाणी अजून लाकडावरच होतो. तूर निघाली की तुराट्या असतात, कपाशीची उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या. पण या भुरकन जळून जातात. धग धरून ठेवायला बाभूळच लागते. वाळलेल्या बाभळीच्या एका किलोत साधारण 4,800 ते 4,950 किलोकॅलरी उष्णता असते. कुऱ्हाडीला दाद देत नाही ती लाकडाच्या घट्टपणामुळे, आणि म्हणूनच माणूस मशीनकडे वळतो.

गेल्या माघात आमच्या बांधावरची वाळलेली बाभूळ आडवी केली आणि तिचे हातभर लांबीचे ओंडके पाडायला घेतले. पहिले चार-पाच सरळ निघाले. पुढे मशीन नुसतीच गुरगुरायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, दाबा नं जराक, मंग कापते." मी दाबलं. एकदम कर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि हाताला झिणझिण्या आल्या. मशीन बंद करून पाहिलं तर कापलेल्या तोंडावर हाताच्या पंजाएवढा निळा-काळा डाग होता आणि त्याच्या मधोमध तारेचं चकचकीत टोक. रोह्यांच्या त्रासापायी वडिलांनी कधीकाळी त्या बाभळीला काटेरी तार ठोकली होती. झाडाने साल वाढवून ती गिळून टाकली होती.

हा डाग ओळखायला शिका. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिच्या सालीने कातडं कमावतात. टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकसापासून पूर्वी शाई करत, ती याच गुणावर. तेव्हा ओंडक्याच्या तोंडावर निळसर काळी रेघ दिसली की जवळपास खिळा किंवा तार आहे असं समजा आणि तिथे मशीन लावू नका. कुंपणाच्या बांधावरचं झाड असेल तर गुडघ्यापासून छातीपर्यंतचा भाग आधी कुऱ्हाडीने सोलून पाहा. सालीवर आडवा वळ किंवा गाठ दिसली, तर तेवढा तुकडा तसाच ठेवा. बसायला ठिय्या होईल.

माझी खरी चूक तारेच्या आधीची होती. ओंडका जमिनीवर ठेवून कापताना चेन काळ्या मातीत घुसली होती आणि तिची धार तेव्हाच गेली होती. मशीनखालून तांदळाएवढ्या ढलप्या पडत असतील तर चेन धारदार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं. बोथट चेन लाकडात शिरत नाही, म्हणून माणूस अंगाचा भार टाकतो, आणि लाकूड अचानक संपलं की तोल जाऊन पात पायावर येतं. धारदार चेनची भीती सगळ्यांना वाटते, पण मला बोथट चेनची जास्त वाटते.

आजच्या चेनच्या दातांची कल्पना एका अळीवरून आली. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी न्याहाळत बसला होता. ती जबडा डावी-उजवीकडे फिरवत लाकूड सहज पोखरत होती. त्यावरून त्याने आळीपाळीने एक डावा, एक उजवा अशा दातांची चेन बनवली. धार लावतानाही हेच ध्यानात ठेवायचं. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक दाताला गोल कानशीचे सारखेच हात, आतून बाहेर. एका बाजूला जास्त घासलं की मशीन तिरपी कापत जाते. कानस किती मिलिमीटरची लागते ते चेनप्रमाणे बदलतं. ते पुस्तिकेत पाहून घ्या.

आता सगळ्यात घातक गोष्ट, उलटा झटका. चेन पाताच्या वरच्या अंगाने पुढे जाते आणि टोकाला वळून खालच्या अंगाने आपल्याकडे येते. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की तिथला दात रुततो आणि ती सगळी ताकद पात वर, आपल्या तोंडाकडे फेकते. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून मागच्या ओंडक्याला टोक लागत नाही ना, हे आधी पाहा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून घट्ट धरा. पाताच्या रेषेत उभं न राहता थोडं डावीकडे राहा. खांद्याच्या वर मशीन कधीही नेऊ नका, शिडीवर तर नाहीच.

मशीन घेताना माझं मत असं. बाजारात 58 सीसीची, 22 इंची पाताची मशीन स्वस्तात मिळते आणि मोठी म्हणून लोक तीच उचलतात. घरच्या सरपणाला 35 ते 45 सीसी आणि 14 ते 16 इंची पात पुरतं. हलकी मशीन दिवसभर हातात राहते. जड मशीनने तासाभरात खांदे भरून येतात आणि तिथूनच चुका सुरू होतात. दुकानातच चालू करून पाहा. पुढचा संरक्षक दांडा ढकलल्यावर चेन तत्काळ थांबली पाहिजे, आणि रेस सोडल्यावर ती फिरता कामा नये. चेन ब्रेक नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका. वर्षाला एखादंच झाड कापायचं असेल, तर मशीनवाला रोजाने बोलावलेला बरा.

पैसे उरले तर हेल्मेट, डोळ्यांची जाळी, कानाचे मफ आणि बूट घ्या. या मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. उपरणं, ओढणी, सैल बाह्या यांना तिच्याजवळ जागा नाही. जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय दाबूनच दोरी ओढायची.

बहुतेक मशीनला लिटरभर पेट्रोलमध्ये 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, काहींना 40. पुस्तिका सांगेल ते खरं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन ठेवा. चेनचं ऑइल वेगळं. तिथे गाडीचं जळकं ऑइल ओतू नका.

वाळलेली बाभूळ तुमच्याच बांधावर असेल तर ठीक. पण आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावण्याआधी परवानगी घ्या. सामाईक बांधाचं झाड असेल तर आधी शेजाऱ्याला विचारा. वरून विजेची तार जात असेल तर महावितरणच्या लाइनमनला बोलावल्याशिवाय झाड पाडू नका.

एकट्याने शेतात जाऊ नका. सोबतचा माणूस झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब उभा असावा. त्याच्या फोनला रेंज असावी आणि 108 नंबर त्याला पाठ असावा.

त्या दिवशी काकांनी सगळे ओंडके गाडीत टाकले. तार असलेला तेवढा मी बाजूला ठेवला, तो आता आमच्या चुलीपुढे ठिय्या म्हणून आहे.

(पुढच्या आठवड्यात : मृगाच्या आधी सरपण कसं रचायचं)