सापडला तो चोर!

२ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, करोना विषाणूच्या ‘ओमिक्रॉन’ या नव्या प्रकाराचे दोन रुग्ण कर्नाटकात सापडले आहेत. काही मिनिटांतच ही बातमी घराघरांत पोहोचली. दुसऱ्या लाटेला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी केलेली वणवण आणि स्मशानाबाहेरच्या रांगा लोक विसरले नव्हते. तेव्हा धास्ती वाटणे साहजिकच होते. पण ‘काळजी कशी घ्यायची?’ या प्रश्नाच्या आधी दुसराच प्रश्न लोकांच्या तोंडून बाहेर पडला : ‘हा कुणी आणला?’

त्या दोन रुग्णांची हकीकत पाहिली, तर या प्रश्नातली मेख लक्षात येते. एक होता दक्षिण आफ्रिकेहून आलेला परदेशी प्रवासी. बातमी फुटण्याआधीच, २७ नोव्हेंबरला, तो भारताबाहेर गेलेला होता. दुसरा होता बंगळुरूचा एक डॉक्टर. त्याने परदेशप्रवास केलेलाच नव्हता! म्हणजे विमानतळावर पहारे बसवण्याची चर्चा चालू होती, तेव्हा विषाणू शहरात केव्हाच मिसळून गेला होता. चर्चा मात्र झाली ती प्रवाशांचीच.

दिवा जिथे, उजेड तिथे

असे का झाले? एखाद्याला करोना झाला आहे की नाही, हे नेहमीच्या चाचणीत कळते. पण तो कोणत्या प्रकारचा, हे नक्की कळायचे तर विषाणूच्या जनुकांची सगळी मांडणी तपासावी लागते. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक. त्यासाठी भारतात डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले होते. १ डिसेंबर २०२१ पासून ‘जोखमीच्या’ देशांतून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची विमानतळावरच चाचणी होऊ लागली. त्यात बाधित ठरलेल्यांचे नमुने या सखोल तपासणीसाठी पाठवले जात. गावातल्या, गल्लीतल्या रुग्णांपैकी मात्र थोड्यांचेच नमुने तिथवर पोहोचत. दिवा प्रवाशांवर धरला होता, म्हणून विषाणू प्रवाशांतच दिसला. ‘पहिला सापडलेला’ माणूस हा ‘पहिला आणणारा’ असतोच असे नाही. आपण मात्र ‘सापडला तो चोर’ हा जुनाच न्याय लावून मोकळे झालो.

४ डिसेंबरला डोंबिवली आणि जामनगर, ५ तारखेला दिल्ली, पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशी नावे यादीत आली. रुग्णांची नावे छापली गेली नाहीत, हे खरे. पण वय, व्यवसाय, प्रवासाचा मार्ग आणि उपनगर एवढे सांगितले, की शेजाऱ्यांना नाव विचारावे लागत नाही!

याचा परिणाम काय व्हायचा? त्याच आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आयुक्तांनी सांगितले की, परदेशातून नुकत्याच आलेल्या २९५ जणांपैकी १०९ जणांचा ठावठिकाणा लागत नाही. कुणाचे मोबाइल बंद, कुणाच्या घराला कुलूप. हे वागणे चुकीचेच. पण त्यामागे निव्वळ बेजबाबदारपणाच होता, असे म्हणून चालणार नाही. तपासणीत नाव आले, की आपले घर सगळ्या इमारतीच्या बोलण्याचा विषय होणार, ही भीतीही माणसाला दार बंद करायला लावते.

खरे बोलण्याची शिक्षा

जे माणसांचे झाले, तेच एका देशाचेही झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना नोव्हेंबर २०२१ मध्ये चाचण्यांमध्ये काही वेगळे आढळले. शेजारच्या बोट्स्वानातही हाच प्रकार दिसला. शास्त्रज्ञांनी झटपट तपास केला. विषाणूच्या ज्या काट्यांना मिळताजुळता प्रतिकार आपली लस शरीरात तयार करते, त्या काट्यांत ३० हून अधिक बदल झालेले होते. २४ नोव्हेंबरला ही माहिती जागतिक आरोग्य संघटनेला कळवण्यात आली आणि २६ तारखेला ‘ओमिक्रॉन’ हे नाव मिळाले.

जगाने आभार मानायचे, ते राहिले बाजूला! एका पाठोपाठ एक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने बंद केली. चांगले संशोधन केल्याबद्दल आम्हाला शिक्षा होत आहे, अशी तक्रार दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने केली. अध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी हे निर्बंध उठवण्याची जाहीर मागणी केली. त्यानंतर दोनच दिवसांनी नेदरलँड्सने सांगितले की, १९ आणि २३ नोव्हेंबरला तिथे घेतलेल्या जुन्या नमुन्यांतही ओमिक्रॉन आढळला आहे. म्हणजे दारे लावण्यापूर्वीच पाहुणा घरात होता!

आपल्याकडे लोकांच्या बोलण्यात ‘आफ्रिकेचा विषाणू’ हा शब्द सहज येऊ लागला. त्याआधी सहाच महिने हीच वेळ आपल्यावर आली होती, हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. मे २०२१ मध्ये डेल्टा या प्रकाराला जगभर ‘इंडियन व्हेरिएंट’ म्हटले जात होते. आपल्या सरकारने त्याला रीतसर हरकत घेतली. ऑस्ट्रेलियाने तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना तुरुंगवासाची भीती घातली. तेव्हा आपल्याला राग आला आणि तो रास्तच होता. देशांची नावे चिकटू नयेत म्हणूनच ३१ मे २०२१ पासून ग्रीक अक्षरांची नावे देण्याची पद्धत सुरू झाली.

जुनी खोड

ही खोड आजची नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात. पण ती साथ स्पेनमध्ये सुरू झाल्याचा पुरावा नाही. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी आपल्याकडच्या आजाराच्या बातम्या दडपल्या. स्पेन तटस्थ होता, तिथल्या वृत्तपत्रांनी त्या मोकळेपणी छापल्या. नाव चिकटले ते खरे सांगणाऱ्याला.

महाराष्ट्राला तर याचा फार कडू अनुभव आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. प्लेग हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे; पण माणसांचे वागणे तेच. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग कमिशनर रँड याच्या अमलाखाली गोरे शिपाई घरांत, अगदी स्वयंपाकघरात आणि देवघरातही शिरून झडती घेऊ लागले. लोकांनी काय केले? घरातले रुग्ण लपवले. साथ आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या जबरदस्तीनेच आजार दाराआड गेला.

भीती ओसरली आणि...

ओमिक्रॉनच्या बाबतीत भीती जशी एकाएकी आली, तशीच ती महिन्याभरात ओसरली. आजार बहुतेकांना सौम्य होतो, असे कळले. ‘साधी सर्दीच ती!’ असे जो तो म्हणू लागला. ७ जानेवारी २०२२ रोजी एकट्या मुंबईत २०,९७१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांना लक्षणेच नव्हती. एवढी मोठी संख्या ‘परदेशातून आलेल्यांची’ असणे शक्यच नव्हते. तेव्हा कुठे बोट दाखवणे थांबले.

पण आता लोक दुसऱ्या टोकाला गेले. घरच्या घरी करायच्या चाचणीचे संच औषधांच्या दुकानांतून भराभर खपू लागले. निकाल कळवायचे मात्र अनेकांनी टाळले. शेवटी संच कुणी नेले याची नोंद ठेवा, असे मुंबई महापालिकेला केमिस्टांना सांगावे लागले. इकडे सौम्य म्हटलेल्या त्याच आजाराने फेब्रुवारीच्या आरंभी देशात एका दिवसात हजारावर मृत्यूंची नोंद झाली. त्यात उशिरा नोंदवलेले काही आधीचे मृत्यूही होते, तरी आकडा लहान नव्हे. हाँगकाँगमध्ये लस न घेतलेल्या वृद्धांचे त्याच सुमारास फार हाल झाले. ‘सौम्य’ हा शब्द धडधाकट, लस घेतलेल्या माणसाच्या बाबतीत खरा होता. घरातल्या आजीसाठी तो तितकाच खरा असेल, याची खात्री नव्हती.

आपल्या हाती काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र बदलतच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात ‘जेएन.१’ सापडला, तेव्हा पुन्हा तेच मथळे झळकले. अशी बातमी यापुढेही येईल. करोनाची नसली, तर दुसऱ्या कशाची.

तेव्हा काही साध्या गोष्टी प्रत्येक घराला करता येतील. नव्या प्रकाराची बातमी आली, तर तो किती पसरतो, कुणाला जास्त त्रास देतो आणि लस उपयोगी पडते की नाही, हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलू नये. सर्दी-ताप असेल, तर वृद्धांपासून दूर राहावे, गर्दीत जाताना मास्क लावावा, डॉक्टरांना विचारून चाचणी करावी आणि निकाल लपवू नये.

आणि शेजारच्या घरात कुणी बाधित सापडले, तर? दूध, भाजी, औषधे दारात ठेवावीत. दिवसातून एकदा फोन करून ‘काही हवे का?’ असे विचारावे. सोसायटीच्या मोबाइलवरील ग्रुपमध्ये त्यांचा फ्लॅट क्रमांक टाकू नये. ज्याने चाचणी केली आणि खरे सांगितले, त्याने इमारतीतल्या बाकीच्या सगळ्यांना सावध केले आहे. त्याला चोर ठरवले, तर पुढच्या वेळी ताप आलेला माणूस गोळी घेऊन गप्प बसेल आणि त्याच लिफ्टमधून आपली मुले शाळेला जातील.