माणशी अर्धा एकर

पुरंदर तालुक्यात किल्ल्याच्या बाजूला ढग बरे रेंगाळतात. पूर्वेला नायगावकडे जावे तसा पाऊस हात आखडता घेतो. येतो तोही एकदम. तासा-दोन तासांत कोसळतो, उघड्या माळाची माती सोबत घेऊन ओढ्याला लागतो आणि दुसऱ्या दिवशी ओढा पुन्हा कोरडा. हिशेब करून बघा. १६ हेक्टर माळावर २५ मिलिमीटरची एक सर पडली, तर ४० लाख लिटर पाणी झाले. दुष्काळी म्हणवणाऱ्या शिवारातून यातले कितीतरी पाणी एका संध्याकाळी वाहून जाते.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे या भागात फिरले. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती. एवढे हात राबत होते, पण त्या राबण्यातून गावात पाणी काही साठणार नव्हते. हे त्यांना खटकले. नायगावच्या देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह तिथेच काम मांडले.

उतारावर समतल बांध, नाल्यांवर आडवे बांध, पायथ्याला पाझर तलाव आणि तलावाच्या खालच्या अंगाला विहीर. बांधाशी पाणी थबकते, मुरते. उरलेले तलावात उतरते, तिथून झिरपत विहिरीला लागते आणि पंपाने पुन्हा वरच्या शेतात चढते. पडीक माळ धान्य देऊ लागला.

पाणलोटावरचे बहुतेक लेख इथे थांबतात. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पाणी दिसू लागले की ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले असते: ज्याच्या रानात विहीर, त्याचे पाणी. बांधावर घाम गाळतो सगळा गाव आणि ऊस उभा राहतो एकाच्या रानात.

नायगावच्या कामातून साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हे उत्तर नाकारले. योजना एकट्यादुकट्यासाठी नाही, गटासाठी. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. मग घरची जमीन पाच एकर असो की पन्नास. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी काढायचा. बाकीच्याची तजवीज सरकारी अनुदान आणि साळुंखे यांचे ग्राम गौरव प्रतिष्ठान यांनी करायची. पाळ्या सांभाळायला गटाने नेमलेला पाटकरी.

त्या ऊसबंदीचा विचार करावा. आसपास साखर कारखाने वाढत असताना कोरडवाहू शेतकऱ्यांनी ती मान्य केली, कारण शेजाऱ्याच्या पोटाचे पाणी त्यात होते. याहून मोठी भागीदारी मला माहीत नाही.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. उपसा विजेवर चालतो. बिल थकले, पंप बिघडला, की गटाची परीक्षा होते. साळुंखे २००२ साली गेले. पुढे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या काळात श्रमदानाची मोठी लाट आणली, हजारो माणसे पहाटे कुदळ-फावडे घेऊन डोंगरावर चढली. ते दृश्य आठवले की आजही ऊर भरून येतो. पण चर खणून मुरवलेले पाणी चार खोल बोअर एका उन्हाळ्यात ओढून घेऊ शकतात. खणणे आपण शिकलो, वाटणे अजून शिकायचे आहे.

तुमच्या गावात यंदा पाणलोटाचे काम निघाले, तर ग्रामसभेत उभे राहून अंदाजपत्रकाबरोबर आणखी एक कागद मागा: अडलेले पाणी कोणाला, किती आणि कोणत्या पिकाला. तो कागद कामाचा नारळ फुटण्याआधी लिहून घ्या.