दारीं झुलणारा हत्ती



एखाद्याच्या वैभवाचें वर्णन करावयाचें झाल्यास त्याच्या दारीं हत्ती झुलतो, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हत्तींचे दिवस गेले. आतां त्या जागीं पुरुषभर उंचीची, दिवाणखान्यासारखी सजविलेली मोटार उभी असते. तिला इंग्रजी आद्याक्षरांनीं ‘एसयूव्ही’ म्हणतात. ती पाहणाऱ्याला कशी दिसते हें सर्वांस ठाऊक आहे. ती बाळगणाऱ्याला काय अनुभव येतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या मोटारीचें कूळ पाहूं. दुसरें महायुद्ध संपल्यावर इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धांतून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत असत. तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर १९४८ च्या एप्रिलमध्यें ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते. गाडी शेतकऱ्याच्या कामाची खरी, परंतु बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं करणारी! म्हणून १९७० सालीं स्पेन्सर किंग या अभियंत्याच्या देखरेखीखालीं रेंज रोव्हर निघाली. तिला पाट्यांऐवजीं गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या आणि साडेतीन लिटरांचें, आठ सिलिंडरांचें इंजिन होतें. त्या इंजिनाची मूळ रचना अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीची. गंमत अशी, कीं या गाडीला दोनच दारें होतीं आणि तिच्या बैठका चिखल लागल्यास धुवून काढण्याजोग्या होत्या. १९७९ सालीं पॅरिस ते डाकार या वाळवंटांतील पहिल्या शर्यतींत मोटारींमध्यें याच गाडीचा पहिला क्रमांक आला.

पुढें मात्र राजवाड्याचा थाट आला. १९८१ सालीं चार दारें आलीं, १९९२ सालीं हवेवर तोललेली बैठक आली. मग उंची कातडें आणि लांकूड आलें. २००८ सालीं हा सारा व्यवसाय टाटा मोटर्सनें फोर्ड कंपनीकडून विकत घेतला, आणि २०२४ सालीं पुण्यांत रेंज रोव्हरची जुळणी सुरू करण्याचें जाहीर झालें. शेतावरचा बैल अशा रीतीनें अंबारीचा हत्ती झाला.

आतां मालकाचा अनुभव. उंच बैठकीवरून दूरचा रस्ता स्वच्छ दिसतो, खड्डे जाणवत नाहींत, लांबच्या प्रवासांत पाठ दुखत नाहीं. हें सुख खरें आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जो दूरचें पाहतो त्याला जवळचें दिसेलच असें नाहीं. गाडीचें तोंड उंच व रुंद असल्यामुळें त्याच्या अगदीं पुढें उभें राहिलेलें लहान मूल चालकाच्या नजरेआड होतें. आरसे व कॅमेरे साह्य करतात, परंतु गाडी हलविण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी, हा नियम कोणत्याहि यंत्राहून अधिक विश्वासाचा आहे.

दुसरा एक गैरसमज चार चाकांच्या शक्तीविषयीं आहे. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळाल्यानें गाडी चिखलांतून पुढें निघते. परंतु थांबतांना त्या जोराचा उपयोग नाहीं. थांबण्याचें काम ब्रेक व टायर यांचें. अडीच टन वजनाची गाडी ओल्या डांबरावर जादूनें थांबत नाहीं. घाटांत हें विसरणें महागांत पडतें.

आतां खर्च. गाडी लिटरला आठ किलोमीटर चालते आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरते असें धरूं. १००० भागिले ८, म्हणजे १२५ लिटर. लिटरला सोळा किलोमीटर देणाऱ्या लहान गाडीला साडेबासष्ट लिटर पुरतात. हा हिशेब मालक करतो. जो हिशेब तो करीत नाहीं, तो दुरुस्तीचा. जुनी मोटार निम्म्या किंमतींत मिळते. परंतु तिचे सुटे भाग निम्म्या किंमतींत मिळत नाहींत. हत्ती म्हातारा झाला म्हणून त्याचा चारा कमी होत नसतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. त्यानें अशीच एक आलिशान मोटार वापरलेली घेतली. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कांहीं महिन्यांनीं सकाळीं पाहावें तों गाडीचा एक कोपरा खालीं बसलेला असे. इंजिन सुरू केलें कीं ती हळूहळू उठे. ‘उठते आहे ना, मग झालें,’ असें म्हणून त्यानें दोन महिने काढले. एके रात्रीं त्याच्या आईच्या छातींत कळ आली. तो किल्ली घेऊन धांवला, तों गाडी बसलेल्या उंटाप्रमाणें चाकांवर टेकलेली! ती कांहीं केल्या उठेना. शेवटीं शेजाऱ्याच्या लहानशा मोटारींतून आईला दवाखान्यांत नेलें. सुदैवानें ती वांचली.

हें कां झालें? हवेच्या बैठकींत प्रत्येक चाकाजवळ रबराची एक भक्कम पिशवी असते. लहानसा पंप तींत हवा भरतो आणि उंची मोजणारें उपकरण पंपाला हुकूम देतें. कालांतरानें रबराला बारीक भेगा पडतात व हवा झिरपूं लागते. ती भरून काढण्यासाठीं पंप वारंवार चालतो, तापतो आणि अखेर जळतो. म्हणजे पिशवी न बदलल्यामुळें पिशवीही बदलावी लागते आणि पंपही. जुनी गाडी घेणारानें म्हणून ती रात्रभर सपाट जागीं उभी करवावी आणि सकाळीं सुरू करण्यापूर्वीं चारी कोपऱ्यांची उंची पाहावी.

टायरांचेंही असेंच. चारही चाकांना सतत जोर मिळतो अशा गाडींत एकच नवा टायर व तीन झिजलेले घालूं नयेत. लहानमोठीं चाकें निरनिराळ्या गतीनें फिरतात आणि आंतील दांत्यांवर ताण पडतो.

शेवटची काळजी चोराची. किल्ली खिशांत ठेवून उघडणाऱ्या गाड्यांत किल्लीचा क्षीण संदेश दोन चोर आपल्या यंत्रांनीं घरापासून गाडीपर्यंत पोंचवितात, आणि गाडीला धनीच आल्यासारखें वाटतें! ब्रिटनमध्यें अशा चोऱ्यांमुळें विमा इतका महागला, कीं २०२३ सालीं कंपनीनें स्वतःच विम्याची योजना काढली. रात्रीं किल्ली धातूच्या बंद डब्यांत ठेवणें हा त्यावरचा साधा उपाय. मात्र डबा खरोखर संदेश अडवितो कीं नाहीं, हें गाडीजवळ नेऊन तपासून पाहावें.

माझा विद्यार्थी मला म्हणाला, “गुरुजी, ही गाडी घेतली हेंच माझें चुकलें का?” मीं म्हटलें, “बाबा, गाडी घेतली हें चुकलें नाहीं. विकत घेण्याचा हिशेब केलास आणि सांभाळण्याचा केला नाहींस, हें चुकलें.” त्यानें पिशव्या व पंप बदलून घेतला. गाडी आजही त्याच्याकडे आहे. ज्या शेजाऱ्याची लहान मोटार त्या रात्रीं उपयोगी पडली, त्याच्या घरच्या मंडळींना तो याच गाडींतून पंढरपुराला घेऊन गेला.

दारीं हत्ती अवश्य झुलावा. परंतु त्याचा चारा आणि त्याचा माहूत, दोन्हीही घरांत आहेत ना, एवढें आधीं पाहून घ्यावें.